शोधसाहित्य-खनन व प्रवर्तक विश्लेषण (कर्करोग जनुके)

कर्करोगाशी संबंधित जनुकांमधील नियामक नाती शोधण्याची संगणकीय जीवविज्ञानातील एक संयुक्त पद्धत. तीत दोन वेगळ्या ठिकाणांहून आलेले पुरावे एकमेकांवर ताडून पाहतात. प्रकाशित निबंधांत कोणत्या जनुकांचा उल्लेख वारंवार एकत्र येतो, हा पहिला (साहित्य-खनन). त्या जनुकांच्या प्रवर्तकांत, म्हणजे प्रतिलेखनाच्या (जनुकाची प्रत काढण्याच्या) आरंभबिंदूलगतच्या नियामक डीएनएत, त्याच प्रतिलेखन घटकांची (जनुके चालू-बंद करणाऱ्या प्रथिनांची) बंधनस्थळे (ती डीएनएला चिकटतात त्या जागा) सारख्या क्रमाने व सारख्या अंतराने आढळतात का, हा दुसरा. दोन्ही पुरावे एकेकटे दुबळे आहेत; पण त्यांचे दुबळेपण वेगवेगळ्या कारणांनी आलेले आहे आणि पद्धतीचे सारे बळ त्यातच आहे. शोधसाहित्यात दिसतात ती आधीच अभ्यासली गेलेली जनुके. डीएनएच्या क्रमात असा पक्षपात नसतो, मात्र योगायोगाने जुळणाऱ्या स्थळांची त्यात गर्दी असते.

उगमाविषयी मते : या पद्धतीचा आरंभ कोठून मानावा याबाबत एकमत नाही. माहितीशास्त्राचे अभ्यासक तो शिकागो विद्यापीठातील डॉन स्वॉन्सन यांच्यापर्यंत मागे नेतात. स्वॉन्सन यांनी १९८६ मध्ये रेनो विकार (थंडीने हातापायांची बोटे पांढरी पडण्याचा विकार) आणि माशाचे तेल यांवरील निबंध शेजारी ठेवून वाचले. पहिल्या गटात रक्ताचा वाढलेला दाटपणा, प्लेटलेट एकत्र चिकटणे आणि रक्तवाहिन्यांचे आकुंचन यांची चर्चा होती. दुसऱ्या गटात माशाच्या तेलाने नेमक्या याच गोष्टी कमी होतात अशा नोंदी होत्या. आणि दोन्ही गटांना एकमेकांची जवळजवळ खबर नव्हती. ‘अ’चा ‘ब’शी आणि ‘ब’चा ‘क’शी संबंध छापून आलेला असेल, तर ‘अ’ व ‘क’ यांचे कोणी न मांडलेले नाते त्यातून काढता येते, ही त्यांची मांडणी. १९८९ मधील एका नैदानिक चाचणीत प्राथमिक रेनो विकाराच्या रुग्णांना या तेलाचा लाभ झाल्याचे दिसले, त्यामुळे मांडणीला वजन आले. अर्धशिशी व मॅग्नेशियम यांवरील त्यांचा निबंध १९८८ चा आहे.

जनुकविज्ञानाच्या बाजूचे अभ्यासक मात्र स्वॉन्सन यांना पूर्वसूरी मानतात, आद्यकर्ते मानत नाहीत. त्यांच्या मते खरा आरंभ १९९० च्या दशकाच्या अखेरीस, यीस्टवरील कामात झाला. डीएनए सूक्ष्मपट्टीमुळे हजारो जनुकांची अभिव्यक्ती एकाच वेळी मोजता येऊ लागली. १९९८–९९ च्या सुमारास हार्व्हर्डमधील जॉर्ज चर्च यांच्या गटाने एकत्र चढणाऱ्या-उतरणाऱ्या जनुकांचे समूह करून त्यांच्या आरंभाकडील डीएनएत समान क्रम शोधले. प्रस्तुत नोंदीत हे दुसरे मत अधिक ग्राह्य धरले आहे, कारण स्वॉन्सन यांच्या पद्धतीत निबंधाबाहेरचा, निसर्गातून थेट घेतलेला पुरावा नव्हता, आणि तोच या संयुक्त पद्धतीचा विशेष होय. दोन्ही धारा प्रत्यक्ष एकत्र आल्या त्या बहुधा २००१ ते २००५ या काळात. २००१ मध्ये नॉर्वेतील येन्सेन व सहकारी यांनी मेडलाइन या वैद्यकीय निबंधसूचीतील एक कोटीहून अधिक नोंदींची शीर्षके व गोषवारे चाळून १३,७१२ मानवी जनुकांचे सहउल्लेखांवर आधारित जाळे तयार केले. म्यूनिकमधील थॉमस वेर्नर व सहकारी त्याआधीपासून प्रवर्तकांतील बंधनस्थळांच्या मांडणीचे नमुने बनवीत होते. २००५ च्या सुमारास त्यांनी ते काम साहित्य-खननाशी जोडले आणि रोगाशी निगडित जनुके प्रवर्तकांच्या रचनेवरून नियामक जाळ्यांत बसविता येतात हे दाखविले. त्यांचे त्या वेळचे ठळक उदाहरण कर्करोगाचे नसून तरुण वयात होणाऱ्या आनुवंशिक मधुमेहाचे होते.

प्रवर्तकाचे वाचन : प्रतिलेखन घटक डीएनएवरील ६ ते १२ क्षारकांचा (डीएनएच्या अक्षरांचा) छोटा क्रम ओळखतो, तोही काटेकोरपणे नाही. म्हणून प्रत्येक स्थानी कोणता क्षारक किती पसंत केला जातो याची भारसारणी वापरतात. अशा सारण्यांचा ट्रान्सफॅक हा संग्रह एड्गर विंगेंडर यांनी १९८८ पासून उभारला. जास्पर हा खुला संग्रह २००४ मध्ये आला. अडचण साध्या गणिताची आहे. सहा क्षारकांचा ठरावीक क्रम योगायोगाने दर ४,०९६ क्षारकांमागे एकदा येतो, म्हणजे तीन अब्ज क्षारकांच्या मानवी जीनोममध्ये एकाच धाग्यावर सुमारे सात लाख ठिकाणी. वॉसरमन व सँडेलिन यांनी २००४ मध्ये असे बजावले, की एकेकट्या सारणीने वर्तविलेली जवळजवळ सर्व स्थळे जैविकदृष्ट्या निष्क्रिय निघतील. उपाय मांडणीत आहे. असे दोन क्रम ठरावीक ओळीने व ठरावीक अंतरावर हवेत अशी अट घातली, की सात लाखांवरून अपेक्षा सुमारे १८० वर येते. अंतरात दहा-पंधरा क्षारकांची सूट दिली तरी संख्या काही हजारांत राहते. माणूस व उंदीर यांच्या प्रवर्तकांत तीच मांडणी टिकली आहे का हे पाहिले की ती आणखी घटते.

प्रवर्तक किती लांबीचा धरावा, हा वाद अजून मिटलेला नाही. आरंभबिंदूच्या मागचे ५०० क्षारक घेणारे आहेत, १,००० घेणारेही आहेत. छोट्या खिडकीत योगायोग कमी, पण खरी स्थळे निसटण्याचे प्रमाण अधिक. पी५३ या अर्बुदरोधी (कर्करोगाची गाठ रोखणाऱ्या) प्रथिनाचे उदाहरण येथे निर्णायक वाटते. १९९२ मध्ये एल-डेअरी व सहकारी यांनी त्याचा बंधनक्रम निश्चित केला : दहा क्षारकांची दोन अर्धस्थळे, मध्ये शून्य ते तेरा क्षारकांचे अंतर. पुढच्याच वर्षी त्याच गटाने पी५३ मुळे चालू होणारे आणि पेशीविभाजन थांबविणारे जनुक शोधले. त्यातील पी५३ चे बंधनस्थळ जनुकाच्या सुमारे २,४०० क्षारक मागे आहे. कर्करोगविज्ञानातील हे बहुधा सर्वांत परिचित नियामक नाते ५०० क्षारकांच्या खिडकीतून दिसलेच नसते.

याच जनुकाने साहित्य-खननाची दुसरी बाजूही उघड होते. आज त्याचे अधिकृत नाव सीडीकेएन१ए. पण वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी ते एकाच सुमारास शोधल्याने डब्ल्यूएएफ१, सीआयपी१ व एसडीआय१ ही नावेही रूढ झाली, आणि प्रथिनाला वजनावरून पी२१ म्हणतात. जुन्या निबंधांत मात्र पी२१ म्हणजे रास हे अर्बुदजनक प्रथिन. दोन्ही पी२१ कर्करोगाच्याच निबंधांत येतात, त्यामुळे विषयावरूनही ती वेगळी करता येत नाहीत. येन्सेन यांच्या जाळ्यातही हाताने तपासलेल्या जोड्यांत चुकीच्यांचे प्रमाण लक्षणीय निघाले. सहउल्लेखाला नाते समजणे अशा ठिकाणी धोक्याचे ठरते. प्रवर्तकाची साक्ष उपयोगी पडते ती येथेच, कारण क्रमात नावांचा गोंधळ नाही.

पेशीचक्राच्या जनुकांत पद्धतीला मोठे यश मिळाले. तेल अवीव येथील एल्कॉन व सहकारी यांनी २००३ मध्ये मानवी पेशीचक्रासोबत बदलणाऱ्या जनुकांच्या प्रवर्तकांत ई२एफ व एनएफ-वाय यांसह काही घटकांची बंधनस्थळे अपेक्षेपेक्षा बरीच जास्त असल्याचे दाखविले. विभाजन बेबंद झालेल्या अर्बुदांत हीच जनुके चढलेली दिसतात.

टीईआरटी प्रवर्तक : टेलोमरेज या विकराचा (गुणसूत्रांची टोके लांबविणाऱ्या एन्झाइमचा) मुख्य घटक घडविणारे हे जनुक बहुतेक प्रौढ पेशींत बंद असते, कर्करोगपेशींत पुन्हा चालू होते. २०१३ मध्ये दोन गटांनी एकाच वेळी प्रसिद्ध केले, की मेलानोमात (त्वचेच्या एका कर्करोगात) या जनुकाचा प्रवर्तकच बदललेला असतो. प्रथिनभाषांतराच्या आरंभापासून १२४ व १४६ क्षारक मागे ‘सी’च्या जागी ‘टी’ येतो आणि दोन्ही ठिकाणी ईटीएस कुलातील घटकांचे नवे बंधनस्थळ तयार होते. मेलानोमा वारशाने आलेल्या एका जर्मन कुटुंबात ५७ क्षारक मागचा वेगळा बदल सापडला, तोही ईटीएसचेच स्थळ घडवितो. पुढे ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगातही हे बदल मोठ्या प्रमाणात आढळले.

क्रमाने कुल सांगितले, सदस्य सांगितला नाही. ईटीएस कुलात माणसात पंचवीसहून अधिक घटक आहेत. कर्करोगविषयक लेखनात ईटीएस१, ईआरजी व ईटीव्ही१ यांची नावे पुढे होती. जीएबीपी हा घटक बहुतेक पेशींत सामान्य कामकाज पाहणारा म्हणून ओळखला जाई, आणि केवळ सहउल्लेख मोजले असते तर तो यादीत खालीच राहिला असता. २०१५ मध्ये बेल व सहकारी यांनी ईटीएस घटक एकेक करून दाबून पाहिले, तेव्हा बदललेला प्रवर्तक मंदावला तो जीएबीपी दाबल्यावर. त्याचे कारण मांडणीत सापडते. जीएबीपी आपल्या चार उपघटकांचा संच करून दोन शेजारच्या स्थळांना एकत्र धरू शकतो; टीईआरटी प्रवर्तकात मूळची ईटीएस स्थळे आधीच आहेत आणि नवे स्थळ त्यांच्यापासून डीएनएच्या पिळाशी जुळणाऱ्या अंतरावर पडते. या नोंदीच्या लेखकाला हे उदाहरण पद्धतीचे सर्वांत प्रामाणिक चित्र वाटते : साहित्याने कुलाची ओळख पुरविली, क्रमाने अंतराचे कोडे समोर ठेवले, निर्णय मात्र प्रयोगशाळेतच झाला.

मर्यादा : दोन्ही पुरावे परस्परांपासून स्वतंत्र आहेत हे गृहीतक पूर्णतः खरे नाही. ट्रान्सफॅकमधील सारण्या मुळात निबंध वाचूनच भरलेल्या आहेत. ज्या घटकावर लिहिले गेले फार, त्याचे सहउल्लेख जास्त आणि सारणीही अधिक भक्कम. म्हणजे एकच कल दोनदा मोजला जातो. पी५३ चे जनुक हे मानवी जनुकांत सर्वाधिक अभ्यासले गेलेले असल्याने त्याच्या बाबतीत हा दोष मोठा आहे. २००७ पासून प्रचारात आलेल्या, पेशीतील प्रत्यक्ष बंधन मोजणाऱ्या चिप-सेक् तंत्राने मिळालेल्या सारण्या वापरल्यास तो बराच कमी होतो. साहित्याच्या बाजूने २०१९ पासून बायोबर्टसारखी भाषाप्रारूपे नुसता सहउल्लेख न पाहता वाक्यातील नाते ओळखू लागली आहेत.

प्रवर्तकाबाहेरचे नियमन या पद्धतीच्या आवाक्यात येत नाही. एमवायसी हे अर्बुदजनक जनुक आतड्याच्या कर्करोगात टीसीएफ४ घटकाच्या नियंत्रणाखाली असते, हे १९९८ पासून छापील आहे आणि त्याच्या प्रवर्तकातील स्थळेही तेव्हापासून ज्ञात आहेत. तरीही या कर्करोगाचा धोका वाढविणारा, लोकसंख्येत सर्रास आढळणारा आठव्या गुणसूत्रावरील एकाक्षरी फरक एमवायसीपासून सुमारे ३,३५,००० क्षारक दूर आहे. तो टीसीएफ४ च्याच एका दूरस्थ बंधनस्थळात पडतो, हे २००९ मध्ये स्पष्ट झाले.