स्फोटदाब-मापन, यांत्रिक

मोठ्या स्फोटाने हवेत उठणाऱ्या आघाततरंगाचा दाब पडदा, सुई आणि चकती यांच्या साहाय्याने, विजेच्या संवेदकाविना नोंदवण्याची पद्धत. मोजतात तो अधिदाब, म्हणजे भोवतालच्या हवेपेक्षा चढलेला दाब.

विहिरीचा सुरुंग खानदेशात कुणाला नवा नाही; पण ही उपकरणे त्याच्यासाठी नव्हेत. तो तरंग सुई नीट हलण्याआधीच ओसरतो. अंतर आणि काळ स्फोटकाच्या वस्तुमानाच्या घनमुळाप्रमाणे वाढतात : १ किलो टीएनटीचा १० मीटरवर जो दाब, तोच १,००० टनांचा १ किलोमीटरवर, आणि टिकतो शंभरपट. एवढी सवड यंत्राला पुरते. क्राकाटोआच्या १८८३ मधील स्फोटाचा तरंग तर जगभरच्या वेधशाळांतील साध्या वायुदाबलेखकांनीही टिपला.

नोंदयंत्रात पातळ पन्हळी धातूचे दोन पडदे कडेने जोडून केलेली डबी असते. दाब छिद्रातून आत शिरला की डबी फुगते आणि तिच्यावरची सुई लेप दिलेल्या फिरत्या काचचकतीवर बारीक ओरखडा काढते. तो सूक्ष्मदर्शकाखाली वाचतात. पडताळा पाऱ्याच्या नळीशी (१ किलोपास्कल म्हणजे ७.५ मिमी पारा). दाब पायरीपायरीने चढवावा, तसाच उतरवावा. दोन्ही वाचने जुळली नाहीत तर डबी बाद.

खरा घात उन्हाचा. डबी ज्यात बसवतात ती यंत्राची पेटी पहाटे २५ अंशांना हवाबंद केली आणि जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात दुपारी ती ४५ अंशांवर गेली, तर आतला दाब सुमारे ६.७ किलोपास्कलने चढतो. एवढ्या अधिदाबाने खिडक्यांच्या काचा फुटतात. इथे स्फोटाआधीच शून्यरेषा सरकलेली असते. म्हणून पेटीला केसाएवढी गळती ठेवतात : संथ बदल तिच्यातून निघून जातो, अर्ध्या सेकंदाचा तरंग जात नाही. काळ्या मातीची धूळ ती बुजवते, हेही ध्यानात ठेवावे.

यंत्राचे तोंड जमिनीशी सपाट हवे. स्फोटाकडे उभे केले की परावर्तित दाब मिळतो, दुप्पट किंवा अधिक. उन्हाळ्यात काळी माती भेगाळून यंत्राखालचा ठोकळा तिरपा होतो. बसवताना मुरुमापर्यंत खणावे.

नुसता कमाल दाब हवा असेल तर वेगवेगळ्या व्यासांच्या भोकांवर ताणलेला धातूचा वर्ख पुरे. व्यास निम्मा, तर फुटण्याचा दाब साधारण दुप्पट. फुटलेले सर्वांत लहान आणि शाबूत राहिलेले सर्वांत मोठे भोक यांच्यामध्ये उत्तर. दाबाने फुटलेल्या वर्खाच्या पाकळ्या आत वळतात, उडालेल्या खड्याने मात्र एकच वेडावाकडा छेद पडतो. असे भोक मोजणीत धरू नये.