संघनित किती आणि अतिप्रवाही किती

द्रवरूप हीलियम-४ सुमारे २.१७ केल्विनच्या खाली नेले की ते श्यानतेविना, आतल्या घर्षणाविना, अतिसूक्ष्म फटींतून वाहू लागते (हीच अतिप्रवाहिता), हे १९३७ साली मॉस्कोत कापित्सा यांनी आणि केंब्रिजमध्ये ॲलन व मिझनर यांनी दाखवले. भांड्याच्या भिंतीवर चढणाऱ्या द्रवाचे कौतुक पुष्कळ झाले असल्याने ते येथे करत नाही. खटकते ते त्यापाठोपाठ हमखास येणारे वाक्य: ‘अणूंचे बोस-आइन्स्टाइन संघनन होते, म्हणजेच द्रव अतिप्रवाही होतो.’ हरकत आहे ती त्यातल्या ‘म्हणजेच’ या शब्दाला.

संघनन ही मोजदाद आहे. एकाच पुंज-अवस्थेत किती अणू आहेत, एवढेच ती सांगते. अतिप्रवाहिता ही वागणूक आहे. भिंत हलली तर किती द्रव तिच्याबरोबर ओढला जातो आणि किती जागच्या जागी राहतो, हा तिचा प्रश्न. हीलियममध्ये पहिल्या प्रश्नाचे उत्तर न्यूट्रॉन द्रवावर आदळून कसे विखुरतात यावरून मिळते, आणि निरपेक्ष शून्याजवळही संघनित अणू जेमतेम एक दशांश भरतात. दुसऱ्याचे उत्तर आंद्रोनिकाश्विली यांनी १९४६ साली मिळवले: जवळजवळ रचलेल्या पातळ चकत्यांची चवड हीलियममध्ये टांगून तिला पीळ देऊन आंदोलित केले, आणि आंदोलनकाळावरून चकत्यांसोबत ओढल्या जाणाऱ्या द्रवाचे प्रमाण काढले. तापमान उतरेल तसे हे प्रमाण शून्याकडे जाते, म्हणजे अखेरीस संपूर्ण द्रव अतिप्रवाही असतो. अणूंमधील तीव्र आंतरक्रिया बहुतेकांना तळाच्या अवस्थेतून बाहेर ढकलतात, तरीही प्रवाहात ते सारे एकाच सामायिक फेजला, म्हणजे पुंज-तरंगाच्या एकाच तालाला, बांधलेले राहतात. म्हणून ‘संघनित न झालेले अणू’ म्हणजे द्वि-द्रव सिद्धान्तातला (द्रव हे अतिप्रवाही आणि सामान्य अशा दोन घटकांचे मिश्रण मानणारा सिद्धान्त) ‘सामान्य घटक’ हे समीकरण साफ चुकीचे आहे, आणि पाठ्यपुस्तक वाचून आलेला विद्यार्थी नेमका येथेच घसरतो. दोहोंत नाते आहे हे फ्रिट्झ लंडन यांनी १९३८ साली बरोबर ओळखले होते. पण नाते म्हणजे एकरूपता नव्हे, आणि लान्दाऊ यांनी १९४१ साली आपला सिद्धान्त संघननाचा आधार न घेताच उभारला.

उलट उदाहरणेही आहेत. आंतरक्रियाच नसलेल्या आदर्श बोस वायूचे संघनन शून्य तापमानाला पूर्ण होते, पण लान्दाऊच्या निकषाने त्याचा क्रांतिक वेग, म्हणजे ज्या वेगापलीकडे घर्षणरहित प्रवाह टिकत नाही तो, शून्य ठरतो; म्हणजे तो अतिप्रवाही नाही. द्विमितीत शून्याहून अधिक तापमानाला खरे संघनन संभवत नाही, तरी हीलियमचा अतिपातळ थर अतिप्रवाही होतो, हे बिशप आणि रेपी यांनी १९७८ साली मोजून दाखवले.

द्रव हीलियम की अतिथंड अणूंचा वायू, केल्विन की नॅनोकेल्विन (केल्विनचा अब्जांश), हे फरक या भेदापुरते किरकोळ. हीलियम-३ चे सुटे अणू एकाच अवस्थेत गोळा होऊ शकत नाहीत, म्हणून तेथे आधी त्यांच्या जोड्या जमाव्या लागतात, एवढे लक्षात ठेवले की पुरे.

अलीकडच्या संशोधनाने मात्र हा जुना भेद पुन्हा ऐरणीवर आणला आहे. २०२३ साली पॅरिसमध्ये जवळपास पूर्ण संघनित वायूवर प्रकाशाने घनतेच्या लाटा उमटवल्या, तेव्हा त्या दिशेने अतिप्रवाही अंश घटला. असा अंश किती असू शकतो याच्या लेगेट यांनी १९७० साली मांडलेल्या मर्यादांशी ते जुळते. डिस्प्रोशियम या धातूच्या अणूंच्या वायूतील ‘अतिघन’ अवस्थेचे (घनासारखी नियमित रचना आणि अतिप्रवाहिता एकत्र) २०१९ मधील पहिले पुरावेही घनतेची नियमित रचना आणि फेजची सुसंगती यांवर उभे होते, प्रवाहावर नव्हे. माझ्या लेखी तो दावा पक्का झाला तो २०२४ साली, जेव्हा इन्सब्रुकमध्ये तो वायू ढवळल्यावर त्यात पुंजित भोवरे, म्हणजे ठरावीक मात्रेनेच फिरणारे, अतिप्रवाहाची खूण असलेले भोवरे, दिसले.