मेंढीपालनाचा अनुदान अर्ज: पैदाशीचं पान कोरं ठेवू नका

राष्ट्रीय पशुधन अभियानाचा ऑनलाइन फॉर्म भरायला फार वेळ लागत नाही. खरी अडचण प्रकल्प अहवालात येते. बारामती-इंदापूरकडचे जे अहवाल माझ्या हाताखालून गेले, त्यांत शेडचा नकाशा सुबक आणि पैदाशीच्या पानावर एकच ओळ: ‘मेंढ्या वर्षभर वितील.’ एका अहवालात तर मेंढ्यांच्या जागी शेळ्याच राहून गेल्या होत्या. दुसऱ्या कुणाचा उचलून नाव तेवढं बदललेलं. बँकेचा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो विक्रीचा. कोकरं विकायला कधी निघतील, हे मेंढी कधी माजावर येते, म्हणजे नराला तयार होते, त्यावर ठरतं.

आधी पात्रता. अर्ज व्यक्तीला करता येतो, तसाच बचत गटाला आणि शेतकरी उत्पादक कंपनीलाही. जातीची अट नाही. प्रशिक्षण किंवा अनुभव हवा, जमीन स्वतःची किंवा भाडेकराराची हवी, आणि बँकेचं कर्ज किंवा स्वतःचा पैसा दाखवता आला पाहिजे. सर्वांत लहान गट 100 मेंढ्या आणि 5 नरांचा, सर्वांत मोठा 500 आणि 25 चा. भांडवली खर्चाच्या 50 टक्के अनुदान, लहान गटाला जास्तीत जास्त 10 लाख, मोठ्याला 50 लाख रुपये. एवढा पसारा झेपणारा नसेल आणि तुम्ही भज-क (भटक्या जमाती-क, म्हणजे धनगर समाज) प्रवर्गातले असाल, तर राजे यशवंतराव होळकर महामेष योजना बघा: 20 मेंढ्या, 1 नर, 75 टक्के अनुदान. ती मेंढी व शेळी विकास महामंडळाकडून राबवली जाते. त्यांचं मुख्यालय पुण्यातच, गोखलेनगरला आहे.

कागदपत्रं नेहमीचीच: आधार, पॅन, फोटो, पत्त्याचा पुरावा, सातबारा नि आठ-अ किंवा भाडेकरार, बँकेचं स्टेटमेंट, रद्द केलेला चेक, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र किंवा अनुभवाचा पुरावा, आणि प्रकल्प अहवाल. आधार, पॅन आणि पासबुकावर नाव एकाच पद्धतीनं लिहिलेलं आहे ना, ते आधी ताडून घ्या. अर्ज उद्यमीमित्र पोर्टलवर जातो, राज्याची यंत्रणा छाननी करते, मग बँक, राज्यस्तरीय समिती आणि शेवटी केंद्राचा विभाग. अनुदान दोन समान हप्त्यांत येतं. दुसरा हप्ता काम पूर्ण झाल्याची तपासणी झाल्यावर.

आता ते पान. मेंढीचं ऋतुचक्र साधारण 17 दिवसांचं, माज टिकतो जेमतेम 24 ते 36 तास. कळपातल्या मेंढ्या एकत्र माजावर आणायच्या तर योनीमार्गात प्रोजेस्टेरॉनसारख्या संप्रेरकाचा स्पंज 12 ते 14 दिवस ठेवतात. तो असेपर्यंत माज दबून राहतो. काढला की पीएमएसजी या बीज सुटायला मदत करणाऱ्या संप्रेरकाचं इंजेक्शन देतात आणि पुढच्या दोनेक दिवसांत बहुतेक मेंढ्या माजावर येतात. राजस्थानातल्या अविकानगरच्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेनं देशी स्पंजही तयार केला आहे. स्पंजाचा दोरा बाहेर लोंबतो. लांब ठेवला तर शेजारची मेंढी तो चघळत ओढून काढते. काढताना घाण वासाचा स्राव येतो, त्यानं घाबरू नका. दुसरी रीत प्रोस्टाग्लँडिन या माज आणणाऱ्या औषधाच्या दोन इंजेक्शनांची, नऊ ते अकरा दिवसांच्या अंतरानं. मात्र गाभण मेंढीला ते टोचलं तर गाभडते, म्हणून आधी तपासणी. घरातल्या गरोदर बाईनं तर त्या बाटलीला हातही लावू नये. दोन्ही औषधं पशुवैद्यकाच्या हातूनच.

सगळ्यात मोठी चूक इथं होते. योजनेतलं प्रमाण 20 मेंढ्यांना एक नर. रोज दोन-चार मेंढ्या माजावर येतात तेव्हा ते पुरतं. सगळ्या दोन दिवसांत आल्या तर एका नराला पाच ते दहाच झेपतात. म्हणजे 100 मेंढ्यांना एकदम स्पंज लावणं म्हणजे औषध फुकट. 5 नर असतील तर एका वेळी 30-35 मेंढ्या घ्या, दोन तुकड्यांमध्ये तीनेक आठवड्यांचं अंतर ठेवा, आणि अहवालात हे तुकड्यांचं वेळापत्रक तारखांसकट लिहा. उदाहरणार्थ, 1 ऑगस्टला स्पंज लावला, 14 ला काढला, 16 च्या सुमारास मेंढ्या फळल्या. 150 दिवस धरले तर 13 जानेवारीच्या आसपास कोकरं. ज्या फळल्या नाहीत त्या 1-2 सप्टेंबरला पुन्हा माजावर येतील, म्हणून नर कळपातच राहू द्या. दिवाळीनंतर तुमचा वाडा (कळप आणि बिऱ्हाड) कोकणात उतरत असेल तर जानेवारीत कोकरं वाटेवर होतील. मग कोकरं कधी हवीत ते ठरवून तिथून तारीख उलटी मोजा.

पीएमएसजीचा डोस वाढवून जुळी मिळवण्याचा मोह होतो. दख्खनी मेंढी एरवी एकच कोकरू देणारी, दूध बेताचं. दुसऱ्याला बाटली कोण पाजणार? डोस किती, ते डॉक्टरांना ठरवू द्या. मेंढी हडकुळी असेल तर स्पंज लावूच नका, आधी महिनाभर खाऊ घाला.

आणि एक हिशोबाची गोष्ट. अनुदान शेड, जनावरं, विमा, चारा लागवड, यंत्रसामग्री यांना आहे. खेळत्या भांडवलाला नाही, जमीन खरेदीला नाही. स्पंज, इंजेक्शन, डॉक्टरांची फी हे तुमच्या खिशातून. अहवालात ते वेगळ्या रकान्यात दाखवा, भांडवली खर्चात घुसडू नका. अर्ज भरण्याआधी पंचायत समितीतल्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना हे पान दाखवून घ्या, आणि तुमच्या दवाखान्यात स्पंज लावून देणारं कुणी आहे का तेही त्याच फेरीत विचारा.