रत्नागिरी शहरात बघायला काही नाही?

‘रत्नागिरीत काय आहे? गणपतीपुळ्याला जाताना चहापुरतं थांबायचं.’ वर्षानुवर्षं हेच ऐकतोय, आणि ते साफ चूक आहे.

ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा इथे १८८६ साली आला, १९१६ मध्ये इथेच वारला. सगळी तीस वर्षं तो थिबा राजवाड्यात राहिला असं सांगतात. पण वाडा १९१० चा, म्हणजे शेवटची सहाच वर्षं. तिथून भाट्याची खाडी दिसते. निवांत बसा, घाई नको! शिवाय टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मघर, १९३१ चं पतितपावन मंदिर, रत्नदुर्ग.

स्वतःची गाडी लागतेच असंही नाही. एसटी स्टँडजवळ उतरा. रिक्षा पुरते, गणपतीपुळ्यालाही एसटी जाते. रेल्वे स्टेशन मात्र शहराबाहेर आहे, रिक्षाचं भाडं आधी ठरवा.