इन्स्टॉल झाले, स्क्रिप्ट चाललीच नाही: जुन्या दुखण्याची पार्श्वभूमी

रात्री मशीनवर ऑपरेटिंग सिस्टिम नेटवर्कवरून आपोआप इन्स्टॉल व्हायला लावली, सकाळी पाहावे तर लॉगिनची स्क्रीन समोर हजर. भाषा, पार्टिशन, वापरकर्ते, सगळे सांगितल्याप्रमाणे. शेवटी चालायची स्क्रिप्ट, म्हणजे उरलेली कामे करणाऱ्या आज्ञांची फाइल, तेवढी चाललेली नाही. तीच स्क्रिप्ट लॉगिन करून हाताने चालवली की मुकाट चालते. मग माणूस तासन्‌तास तिच्या ओळी तपासत बसतो. ओळी बहुधा बरोबरच असतात. इन्स्टॉलच्या नेमक्या कुठल्या टप्प्यावर, कुणाच्या अधिकाराने आणि कोणती डिस्क समोर धरून ती चालली, हे आधी पाहावे लागते. हे दुखणे आजच्या विंडोज 11 चे नवे नाही; सोलॅरिस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या काळापासूनचे आहे.

सन मायक्रोसिस्टिम्सने 1990 च्या दशकात सोलॅरिससाठी जंपस्टार्ट ही आपोआप इन्स्टॉल करण्याची सोय आणली. 'रूल्स' नावाच्या फाइलमध्ये कोणत्या मशीनला कोणती प्रोफाइल, म्हणजे इन्स्टॉलची कोणती ठरलेली मांडणी, लावायची ते लिहायचे आणि जोडीला दोन स्क्रिप्ट द्यायच्या: इन्स्टॉलच्या आधीची 'बिगिन' आणि नंतरची 'फिनिश'. मशीन सर्व्हरवरून तात्पुरती सिस्टिम घेऊन बूट होई आणि नवी डिस्क '/ए' या जागी जोडली जाई. फिनिश स्क्रिप्टमध्ये सरळ '/ईटीसी' (सेटिंगचे फोल्डर) लिहिले की बदल तात्पुरत्या सिस्टिमकडे वळायचा. नव्या डिस्कसाठी '/ए/ईटीसी' असे लिहायला हवे. सामान लावायला पाठवलेला माणूस जुन्याच घरातली कपाटे भरून आला, तसली गत. दुसरा सापळा रूल्स फाइलचाच. इन्स्टॉलर ती वाचतच नसे. 'चेक' ही तपासणीची स्क्रिप्ट चालवल्यावर तयार होणारी 'रूल्स.ओके' तो वाचायचा. बदल करून चेक चालवायचे राहिले की जुनेच नियम लागू. 2011 च्या सोलॅरिस 11 मध्ये जंपस्टार्टच्या जागी ऑटोमेटेड इन्स्टॉलर आला.

रेड हॅट लिनक्सच्या किकस्टार्ट या तशाच सोयीने '/ए'ची भानगड मिटवली. तिथे 'पोस्ट' स्क्रिप्ट मुळातच नव्या सिस्टिममध्ये, म्हणजे सीएचरूटमध्ये (नवी डिस्क हीच पूर्ण सिस्टिम धरून) चालते. त्याने अडचण उलटी झाली. इन्स्टॉलरच्या बाजूला जोडलेली सीडी किंवा पेन ड्राइव्ह आतून दिसत नाही, त्यासाठी 'नोसीएचरूट' हा पर्याय द्यावा लागतो. शिवाय नवी सिस्टिम डिस्कवर असली तरी अजून जागी झालेली नसते. त्यामुळे एखादी सेवा पुढच्या बूटसाठी नोंदवणारी 'सिस्टिमसीटीएल एनेबल' चालते, पण ती सेवा लगेच सुरू करायला 'स्टार्ट' म्हटले की सीएचरूटमध्ये असल्याने विनंतीकडे दुर्लक्ष केले, एवढा संदेश येतो आणि गाडी पुढे जाते. 'एररऑनफेल' लिहिले नसेल तर पोस्ट फसली तरी इन्स्टॉल यशस्वीच धरले जाते. डेबियन लिनक्सच्या प्रीसीड या तशाच सोयीत 'लेट कमांड' ही शेवटची आज्ञा पुन्हा बाहेर, इन्स्टॉलरच्या तुटपुंज्या बिझीबॉक्स शेलमध्ये चालते. बॅश या मोठ्या शेलच्या अ‍ॅरे वगैरे तिथे चालत नाहीत; नव्या सिस्टिममध्ये काही करायचे तर 'इन-टार्गेट' जोडावे लागते.

विंडोजची कथा जास्त गुंतागुंतीची आहे. एनटीच्या काळापासून अनअटेंड.टीएक्सटी ही उत्तरांची फाइल (सेटअपच्या प्रश्नांची आधीच लिहिलेली उत्तरे) होती आणि सोबतच्या फाइली डॉलर-ओईएम-डॉलर नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायच्या. पण 'ओईएमप्रीइन्स्टॉल=येस' ही ओळ नसेल तर सेटअप त्या फोल्डरकडे ढुंकूनही पाहत नसे. एक्सपी थेट सीडीवरून बूट केली तर उत्तरांच्या फाइलचे नाव विननट.एसआयएफच हवे. फोल्डरमधल्या सीएमडीलाइन्स.टीएक्सटी मधल्या आज्ञा सेटअपच्या उत्तरार्धात चालायच्या. एक्सपीत 39 मिनिटांपासून उलटी मोजणी दिसे, तिच्यात साधारण 12 मिनिटे उरली असताना. त्या वेळी कुणी लॉगिन केलेले नसते, आज्ञा 'सिस्टिम' या विंडोजच्या अंतर्गत खात्याने चालतात, नेटवर्कची खात्री नाही. एखाद्या प्रोग्रामने 'ओके' दाबा म्हणून खिडकी उघडली की संपलेच. याला पर्याय 'गुईरनवन्स'चा, पण त्या आज्ञा पहिल्या लॉगिनला चालतात. आपोआप लॉगिन लावलेले नसेल तर स्क्रिप्ट बिघडलेली नसते, नुसती वाट पाहत असते.

2007 च्या जानेवारीत व्हिस्टा बाजारात आली आणि सगळी मांडणी बदलली. फाइली एकेक करून आणण्याऐवजी डब्ल्यूआयएम इमेज (तयार सिस्टिमची गुंडाळलेली प्रत) डिस्कवर उलगडायची, उत्तरांची फाइल एक्सएमएल झाली आणि सेटअपचे सात टप्पे ठरले. 'विंडोजपीई' या पहिल्या टप्प्यात चालू असलेली तात्पुरती सिस्टिम एक्स ड्राइव्हवर असते, आणि तिथला सी हा पुढे होणारा सीच असेल याची हमी नसते. स्क्रिप्टमध्ये सी पक्का लिहिलेला असला की फसगत ठरलेली.

याच मांडणीत सेटअपकम्प्लीट.सीएमडी ही शेवटी चालणारी स्क्रिप्ट आली. विंडोज\सेटअप\स्क्रिप्ट्स या फोल्डरमध्ये त्या नावाची फाइल सापडली की सेटअप ती सिस्टिम खात्याच्या अधिकाराने चालवतो. उत्तरांच्या फाइलमध्ये उल्लेखही लागत नाही. सोय मोठी, म्हणून सगळ्यांनी उचलली. पण मायक्रोसॉफ्टच्या माहितीत एक अट आहे: ओईएम (मशीन बनवणाऱ्या कंपनीची) प्रॉडक्ट की वापरली असेल तर ही सोय बंद. विंडोज 8 पासून ब्रँडेड लॅपटॉपच्या फर्मवेअरमध्येच (मदरबोर्डवरच्या कायमच्या सॉफ्टवेअरमध्ये) की भरलेली येऊ लागली आणि सेटअप ती स्वतःहून उचलतो. त्यामुळे व्हर्च्युअल मशीनवर दहादा तपासलेला पेन ड्राइव्ह नव्या लॅपटॉपवर गप्प बसतो, एररही न देता. माझ्या मते विंडोजच्या बाजूला याच एका अटीने सर्वाधिक रात्री वाया घालवल्या असतील. अशा मशीनवर काम 'फर्स्टलॉगऑनकमांड्स'कडे, म्हणजे पहिल्या लॉगिनला चालणाऱ्या आज्ञांकडे, सोपवणे बरे.

सेटअप या स्क्रिप्टचा एक्झिट कोडही (काम जमले की फसले हे सांगणारा आकडा) तपासत नाही. म्हणून आधी विंडोज\पँथर\अनअटेंडजीसी मधली सेटअपअ‍ॅक्ट.लॉग उघडावी. स्क्रिप्ट चालवल्याची नोंद असेल तर घोटाळा आत आहे. नोंदच नसेल तर की, जागा किंवा नाव तपासावे. नोटपॅडने मागे .टीएक्सटी चिकटवलेले असणे फार नेहमीचे, आणि विंडोज ते विस्तारनाम मुळातच लपवते. नोंद आहे आणि आतून पॉवरशेल बोलावले आहे, तर एक्झिक्युशन पॉलिसी पाहावी. साध्या विंडोजवर ती मुळात पॉवरशेलच्या .पीएस1 फाइली चालवूच देत नाही. सेटअप चालू असतानाच शिफ्ट आणि एफ10 दाबले की कमांड प्रॉम्प्ट उघडतो, तिथून फाइल जागेवर पोचली का हे लगेच कळते. त्या स्क्रिप्टमध्ये रीस्टार्टची आज्ञा मात्र घालू नये. परत आल्यावर ती उरलेल्या ओळी चालवत नाही आणि सिस्टिम अर्धवट अवस्थेत अडकू शकते.

लिनक्सकडे अलीकडचा मोठा बदल उबुंटू 20.04 सर्व्हरचा. प्रीसीड बाजूला पडले, ऑटोइन्स्टॉल आले, आणि उत्तरे क्लाउड-इनिट या बूट होताना मशीन तयार करणाऱ्या प्रोग्राममार्फत वायएएमएल (साध्या मजकुराच्या) फाइलीतून जाऊ लागली. 'लेट-कमांड्स' इथेही बाहेरच चालतात, म्हणून 'कर्टिन इन-टार्गेट' लिहावे लागते. उत्तरांच्या या फाइलीची, म्हणजे 'यूझर-डेटा'ची, पहिली ओळ हॅश चिन्हाने सुरू होणारी 'क्लाउड-कॉन्फिग' अशी असते. दिसायला ती कॉमेंट, म्हणजे मशीनने दुर्लक्ष करायची टीप. फाइल नीटनेटकी करताना कुणीतरी ती उडवते, क्लाउड-इनिट फाइल ओळखत नाही, आणि रॅकमधले मशीन भाषा निवडा म्हणत स्क्रीनवर थांबून राहते. त्या मशीनवर लेट-कमांड्स तपासण्यात अर्थ नाही, पहिली ओळ पाहावी.