अ‍ॅक्सेप्ट (जर्मन हेवी मेटल बँड)

अ‍ॅक्सेप्ट : चाकू-सुऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या झोलिंगेन या जर्मन शहरातला हेवी मेटल (कर्कश, जड गिटारींवर उभे असलेले रॉक संगीत) वाजवणारा बँड. शाळकरी वयात गायक उडो डिर्कश्नायडर आणि मित्र मिशाएल वागनर यांनी सुरू केलेल्या हौशी बँडमधून तो वाढला. १९७६ हे त्याचे स्थापनावर्ष मानले जाते. गिटारवादक वोल्फ हॉफमन आणि बासवादक पीटर बाल्टेस त्याच सुमारास आले. वागनर पुढे ध्वनिमुद्रक व निर्माता म्हणून अमेरिकेत नावारूपाला आला, पण अ‍ॅक्सेप्टच्या ध्वनिमुद्रणांत त्याचा हात राहिला.

१९७९ चा पहिला अल्बम आणि १९८० चा ‘आय अ‍ॅम अ रिबेल’ हे चाचपडण्याच्या काळातले. दुसऱ्याचे शीर्षकगीत तर बँडचे स्वतःचे नव्हतेच. ते एसी/डीसी या ऑस्ट्रेलियन रॉक बँडमधल्या यंग बंधूंचा थोरला भाऊ अलेक्झांडर यंग याचे. या दोन्ही अल्बममधली काही गाणी बाल्टेसने गायली आहेत. त्यामुळे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला गायक बदलल्याचा भास होतो. बँडला स्वतःचा आवाज सापडला तो ‘ब्रेकर’मध्ये (१९८१). त्याच वर्षी ज्यूडस प्रीस्ट या ब्रिटिश मेटल बँडच्या युरोप दौऱ्यात त्यांच्या आधी मंचावर वाजवायची संधी मिळाली.

हा आवाज म्हणजे नेमके काय, हे येथे सांगायला हवे. डिर्कश्नायडरचा गळा खरखरीत, वरच्या पट्टीत किंचाळणारा. त्याखाली मोकळी राहणारी जागा धृपदात इतर सदस्यांचा खालच्या सुरातला पुरुषी समूहस्वर भरून काढतो. गिटारचे रिफ (गाण्यात पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे) साधे : दोन-तीन सुरांचे पॉवर कॉर्ड, उजव्या तळहाताची कड तारांवर टेकवून दाबलेले, मध्ये मुद्दाम सोडलेल्या मोकळ्या जागा. बास ड्रमला धरून चालतो, उगाच नक्षीकाम करत नाही. गिटारची सोलो (मधला एकट्याने वाजवलेला भाग) मात्र सुरेल असते आणि अनेकदा पाश्चात्त्य अभिजात संगीताकडे झुकते. तो सारा हॉफमनचा पिंड.

‘रेस्टलेस अँड वाइल्ड’ (१९८२) या चौथ्या अल्बमचे पहिले गाणे ‘फास्ट अ‍ॅज अ शार्क’. सुरुवातीला जुन्या तबकडीवर एक जर्मन लोकगीत रमतगमत वाजते, मग सुई ओरखडा काढत सरकते, किंकाळी येते आणि ड्रमवादक श्टेफान काउफमन दोन्ही पायांनी बास ड्रमवर अखंड भरधाव ठोके धरतो. दुहेरी बास ड्रम नवा नव्हता. मोटरहेड या ब्रिटिश बँडने १९७९ मध्येच तो असा अखंड वाजवून दाखवला होता. परंतु इतका वेग आणि इतकी घट्ट गिटार यांचा असा मेळ तेव्हा विरळा होता. स्पीड मेटल या हेवी मेटलच्या अतिवेगवान प्रकाराच्या आरंभीच्या गाण्यांत याची गणना होते ती त्यामुळे. या अल्बमच्या श्रेयनामावलीवर मात्र विसंबू नये. गिटारवादक यर्ग फिशर आधीच बाहेर पडला होता आणि दुसरा गिटारवादक म्हणून हर्मन फ्रँकचे नाव छापलेले असले तरी गिटारचे सर्व भाग हॉफमननेच वाजवले आहेत.

‘बॉल्स टू द वॉल’ने (१९८३) अमेरिकेचा दरवाजा उघडला. तेथे त्याला मोठ्या विक्रीबद्दल दिली जाणारी सुवर्ण तबकडी मिळाली. शीर्षकगीत मध्यम लयीचे, दडपलेल्या माणसांच्या उठावाचे. व्यवस्थापक गाबी हाउके ‘डेफी’ या नावाने गीतलेखनात सहभागी असे. अल्बममधल्या काही ओळी आणि पुरुषाची उघडी मांडी दाखवणारे मुखपृष्ठ यांवरून अमेरिकेत समलैंगिकतेची चर्चा रंगली. १९८४ मध्ये बँड इंग्लंडमधल्या डॉनिंग्टनच्या ‘मॉन्स्टर्स ऑफ रॉक’ महोत्सवात वाजला. पुढचा ‘मेटल हार्ट’ (१९८५) निर्माता डीटर डिर्क्सने कोलोनजवळच्या श्टोमेल्न येथील आपल्या स्टुडिओत घडवला. त्याच्या शीर्षकगीताची सुरुवात चायकोव्हस्कीच्या ‘स्लाव्हिक मार्च’वर बेतलेली, तर सोलोत बेथोव्हेनची ‘फ्यूर एलिझे’ येते. मैफलीत ही धून प्रेक्षक गिटारच्या बरोबरीने गातात. शब्द नसलेली सोलो गर्दीने गावी, हे भाग्य फार थोड्या गिटारवादकांच्या वाट्याला येते.

‘रशियन रूले’नंतर (१९८६) डिर्कश्नायडर वेगळा झाला. फाटाफूट कडवट नव्हती : त्याच्या यू.डी.ओ. या नव्या बँडच्या ‘अ‍ॅनिमल हाउस’ (१९८७) या पहिल्या अल्बमची बहुतेक गाणी अ‍ॅक्सेप्टनेच लिहून दिली. फसले ते त्यानंतर. अमेरिकन गायक डेव्हिड रीसला घेऊन केलेला ‘ईट द हीट’ (१९८९) अमेरिकन रेडिओला रुचेल असा गुळगुळीत केलेला होता. दोष रीसच्या गळ्यावर टाकण्याची रीत आहे, पण ते खरे निदान नव्हे. गायकाबरोबर खालचा समूहस्वर आणि रिफमधला करकरीतपणाही गेला, म्हणजे बदलू नये तेच बदलले. त्यातच काउफमनची पाठ जायबंदी झाली आणि दौऱ्यात दुसरा ड्रमवादक घ्यावा लागला. बँड विसर्जित झाला.

डिर्कश्नायडर परतल्यावर ‘ऑब्जेक्शन ओव्हररूल्ड’ (१९९३), ‘डेथ रो’ (१९९४) आणि ‘प्रेडेटर’ (१९९६) हे तीन अल्बम आले. पहिला दमदार, उरलेले दोन उत्तरोत्तर सैल. पाठदुखीने ड्रम सोडलेला काउफमन पुढे यू.डी.ओ.मध्ये गिटारवादक झाला, तर हॉफमन अमेरिकेत व्यावसायिक छायाचित्रकार. २००५ मध्ये जर्मनीतल्या वाकेन या मेटल महोत्सवासह काही महोत्सवांपुरते सगळे एकत्र आले. नवा अल्बम मात्र डिर्कश्नायडरला नको होता.

२००९ मध्ये टीटी क्विक या न्यू जर्सीच्या बँडचा गायक मार्क टॉर्निलो आला आणि वरचे निदान पडताळून पाहण्याची सोय झाली. निर्माता अँडी स्नीपने ‘ब्लड ऑफ द नेशन्स’मध्ये (२०१०) जुनी घडण जशीच्या तशी उभी केली : दाबलेले रिफ, खालचा समूहस्वर, त्यावर खरखरीत गळा. गायक नवा असूनही बँड लगेच ओळखू आला. ‘ब्लाइंड रेज’ (२०१४) जर्मनीच्या विक्रीयादीत पहिल्या क्रमांकावर गेला. ‘बॉल्स टू द वॉल’च्या काळातही हे जमले नव्हते. ‘ह्युमनॉइड’ (२०२४) हा सतरावा स्टुडिओ अल्बम, टॉर्निलोचा सहावा.

माणसे मात्र गळत गेली. २०१४ च्या अखेरीस बँडमध्ये परतलेला गिटारवादक फ्रँक आणि ड्रमवादक श्टेफान श्वार्ट्समन, २०१८ मध्ये बाल्टेसही. जुन्यांपैकी आता एकटा हॉफमन उरला आहे. बाल्टेस २०२३ पासून यू.डी.ओ.मध्ये आहे. डिर्कश्नायडर अ‍ॅक्सेप्टची जुनी गाणी ‘डिर्कश्नायडर’ या वेगळ्या नावाने सादर करतो. म्हणून तिकीट काढताना फलकावरचे नाव नीट वाचावे : मूळ गळा एका मंचावर असतो आणि मूळ गिटार दुसऱ्या.