जखम उघडी ठेवली की लवकर भरते?

‘वारा लागू द्या, खपली धरली की बरी’ हा सल्ला घरोघरी मिळतो आणि तो चुकीचा आहे. नवी त्वचा कडेच्या पेशी ओलसर पृष्ठभागावरून सरकत तयार करतात. खपली त्यांची वाट अडवते. संशोधक जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांवरील प्रयोगात झाकून ओलसर ठेवलेल्या जखमांवर त्वचा उघड्या जखमांपेक्षा जवळपास दुप्पट वेगाने आल्याचे दाखवले. अपवाद महत्त्वाचा: रक्तपुरवठा खुंटून काळे, कोरडे पडलेले बोट कोरडेच ठेवतात.

मधुमेहींच्या तळपायाच्या उघड्या जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड तर ओतूच नका, ते नव्या पेशीही मारते. सलाइनने (निर्जंतुक मिठाच्या पाण्याने) धुवा, झाका आणि लगेच डॉक्टरांना दाखवा. पायावरचा भार काढला नाही, तर कितीही भारी ड्रेसिंग वाया जाते. उपचार सुरू होऊन ४ आठवड्यांत जखमेचे क्षेत्रफळ निम्मे झाले नाही, तर रक्तप्रवाह आणि हाडातला संसर्ग पुन्हा तपासायला हवा.